पैशाच्या फंडापासून खुल्या आज्ञावलीपर्यंत

इंद्रायणीकाठचे आंबी हे मावळातील गाव तळेगाव दाभाडेच्या शेजारी वसले आहे. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही मिळते. त्याच परिसरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सामान्यांच्या दानातून एक कारखाना उभा राहिला, याचे स्मरण आम्हास अगत्याचे वाटते.

अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून केवळ एक पैसा मागून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. स्वयंसेवकांनी गावोगाव पैसा गोळा केला आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे धुरीण होते. तेथे काचसामान घडले, तसेच विद्यार्थीही घडले. शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी ही विद्या देशाच्या निरनिराळ्या भागांत नेली. वस्तू दिली की ती एका घरी राहते. विद्या दिली की ती चालू लागते.

आमच्या काळात याच विचाराने संगणकाच्या क्षेत्रात मूळ धरले. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, कोणासही वाचता, वापरता, बदलता व दुसऱ्यास देता यावी, हा त्यांचा आग्रह होता.

त्याचे मोल वस्तुवाटपाच्या चळवळीत दिसून आले. २००३ साली अमेरिकेतील टूसान शहरात फ्रीसायकल सुरू झाली. नको असलेली वस्तू फेकण्याऐवजी शेजाऱ्यास फुकट द्यावी, एवढाच तिचा नियम. ती ब्रिटनमध्येही पसरली. परंतु स्थानिक गटांच्या स्वायत्ततेवरून मतभेद झाले आणि २००९ साली अनेक ब्रिटिश गटांनी वेगळे होऊन फ्रीगल स्थापन केली. या गटांपैकी पुष्कळांचा संसार याहू ग्रुप्सच्या आश्रयाने चाले. फ्रीगलने पुढे स्वतःची आज्ञावली रचली व तिची मूळ संहिता सर्वांस खुली ठेवली. २०२० साली याहू ग्रुप्स ही सेवाच बंद झाली. पराया ओसरीवर थाटलेला संसार मालकाच्या मर्जीवर असतो, हे तेव्हा साऱ्यांना कळले.

आपल्या धर्मग्रामांतूनही शाळेची पुस्तके, रुग्णाची खाट, चाकाची खुर्ची या घरून त्या घरी जातात. त्यांची नोंद आता बहुधा भ्रमणध्वनीवरील गटात असते. ती नोंद कोणाच्या हाती आहे, उद्या सेवा थांबली तर ती आपणांस नेता येईल काय आणि नव्या स्वयंसेवकास कारभार समजेल काय, हे प्रश्न आजच विचारावेत. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अशी खुली आज्ञावली मराठीत आणली, तर एका पैशाची ती परंपरा पुढे चालेल. तळेगावच्या दात्यांनी भट्टीचे रहस्य कुलुपात ठेवले असते, तर त्यांचा पैसा तेथेच विझला असता.