पॉम्पीच्या मूर्तीचें माहेर

ज्युबिलीच्या अंकांत देवळाच्या पायाभरणीची, धर्मगुरूंच्या सेवेची व शाळा-दवाखान्यांची हकीकत यावयाची, हें वाचक जाणतातच. तिच्या शेजारीं एका हस्तिदंती बाईची कथा कशाला, असें कोणी विचारील. उत्तर एवढेंच, कीं ही कथा आपल्या जालना जिल्ह्यांतील भोकरदनपाशीं येऊन पोहोंचते. शिवाय माळ्यावर किंवा आजीच्या पेटींत एखादी जुनी कोरीव वस्तु निघाली म्हणजे "ही कोणाची, कोठची?" हा प्रश्न आपणांसहि पडतोच. तो सोडवितांना माणूस कोठें घसरतो, तें ह्या एका मूर्तीवरून चांगलें कळतें.

इसवी सन ७९ मध्यें व्हेसूव्हियस पर्वताचा उद्रेक होऊन इटलींतील पॉम्पी शहर राखेखालीं गाडलें गेलें. त्याच राखेंतून १९३८ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेदेओ माइउरी ह्या पुराणवस्तुशास्त्रज्ञास एका घरांत सुमारें २४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीं, पण दागिन्यांचा भार मोठा: गळ्यांत कंठा, कमरेस मेखला, हातांत कोपरापर्यंत चढलेलीं कांकणें, पायांत जड तोडे. पाठीवर वेणी, आणि दोहों बाजूंस शृंगाराचें साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. सापडली रोमन घरांत, परंतु घडण रोमन नव्हे. ती हिंदुस्थानची आहे हें जाणत्यांस तत्काळ उमगलें. आज ती नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे.

माइउरीनें तिला लक्ष्मी म्हटलें, आणि "पॉम्पीची लक्ष्मी" हें नांव जगभर रूढ झालें. पण लक्ष्मीची म्हणून ज्या खुणा आपण मानतों, म्हणजे कमळ आणि दोहोंकडून अभिषेक करणारे गज, त्या येथें दिसत नाहींत. म्हणून पुढील संशोधकांपैकीं पुष्कळांनीं तिला यक्षी म्हणावें असें सुचविलें. कांहींना ती केवळ शृंगारांत दंग असलेली रूपवती वाटली. परदेशीं सांपडलेल्या हिंदी मूर्तीस आठवेल त्या पहिल्या देवतेचें नांव देऊन मोकळें व्हावें, हा मोह विद्वानांसहि आवरत नाहीं, तर आपली काय कथा! आणि एकदां चिकटलेलें नांव सुटतां सुटत नाहीं.

दुसरा प्रश्न उपयोगाचा. मूर्तीच्या माथ्यापासून खालीं आरपार भोंक पाडलेलें आहे. तेव्हां ही पुजावयाची मूर्ति नसून दुसऱ्या कशाचा तरी भाग असावी, हें उघड आहे. आरशाची मूठ म्हणावी, तर कोणी म्हणतात कीं ती एखाद्या लहान चौरंगाचा पाय असावी. अफगाणिस्तानांत बेग्राम येथें १९३७ व १९३९ सालीं निघालेले हस्तिदंती नक्षीकाम असेंच आसनां-मंचकांचें होतें. हस्तिदंत उरला, त्याखालचें लांकूड मात्र कुजून गेलें. लांकडाची हीच गत. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील लांकडी कमानी व स्तूपावरील लांकडी छत्र दोन हजार वर्षें टिकलें, तो अपवाद डोंगराच्या कुशींतला. पॉम्पीच्या मूर्तीचा लांकडी जोडीदार कोणी असलाच, तर तो आतां आपणांस कधीं भेटावयाचा नाहीं.

राहिला माहेरचा प्रश्न. कारागिरी पाहून आरंभीं मथुरेकडे बोट दाखविलें गेलें. मूर्तीच्या तळाशीं खरोष्ठी लिपींतलें एक अक्षर कोरलेलें आहे. ती लिपि वायव्येकडची, म्हणून कित्येक तिकडे वळले. इतक्यांत दख्खनची साक्ष पुढें आली. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या जुन्या वस्तु हौसेनें जमविल्या होत्या, त्यांत ह्याच धाटणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति होती. आणि १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांनीं भोकरदनला उत्खनन केलें, तेव्हां तेथेंहि तिची बहीण शोभेल अशी मूर्ति निघाली. (जालना जिल्हा तेव्हां जन्मावयाचा होता, १ मे १९८१ पर्यंत भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे.) शांताराम भालचंद्र देव व रमेश शंकर गुप्ते यांचा उत्खननवृत्तांत १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें मधुकर केशव ढवळीकर यांनीं पॉम्पीच्या मूर्तीचें माहेर मथुरा नसून भोकरदन असावें, असा पक्ष मांडला.

भोकरदनची मूर्ति भंगलेली आहे. तरी माझ्या मतें पुराव्याच्या कामीं तीच अधिक मोलाची. कारण ती कोणत्या थरांत, कोणत्या खापरांच्या व मण्यांच्या सोबतीनें पडली होती, तें लिहून ठेवलेलें आहे. तो थर सातवाहनांच्या काळचा. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; तेथील दात्यांचीं नांवें सांचीच्या स्तूपावर कोरलेलीं आहेत. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनीं, म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्यांनीं, आपण शिल्प घडविल्याचें नमूद केलें आहे. "पेरिप्लस" नांवाच्या ग्रीक प्रवासग्रंथाच्या लेखी पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर म्हणजे तेर त्यापुढें पूर्वेस दहा दिवसांवर. भडोचहून परदेशीं जाणाऱ्या मालांत हस्तिदंताचाहि उल्लेख आहे.

खरोष्ठी अक्षराचें काय, असा आक्षेप राहतोच. परंतु नाशिक-जुन्नर-कार्ल्यावर सत्ता गाजविणाऱ्या नहपान क्षत्रपाच्या नाण्यांवर ग्रीक व ब्राह्मीबरोबर खरोष्ठीहि आहे. ती लिपि ह्या प्रांतीं अगदींच परकी नव्हती. शिवाय कारागीर हिंडते असत, आणि अक्षर जोडणाऱ्याचें किंवा व्यापाऱ्याचेंहि असूं शकेल. म्हणून भोकरदनचा हक्क बळकट आहे, असें मी म्हणेन. निकाल लागला, असें म्हणणार नाहीं.

आपल्या ख्रिस्ती घरांतहि असा एक नमुना परिचित आहे. सतराव्या शतकांत गोव्याकडे हिंदी कारागिरांनीं कोरलेला हस्तिदंती बाल येशू: डोंगरमाथ्यावर गालाला हात लावून, डोळे मिटून बसलेला, जवळ मेंढरूं, पायथ्याच्या गुहेंत पवित्र मग्दालिया. कोणी त्यांत ध्यानस्थ बुद्ध पाहिला, कोणी गोपाळकृष्ण. परंतु मेंढरूं व मग्दालिया ह्या खुणा पाहिल्या, कीं तो उत्तम मेंढपाळ होय, ह्याविषयीं शंका उरत नाहीं. हात मात्र ह्या भूमीचा. मूर्ति कोणाची हा एक प्रश्न व हात कोणाचा हा दुसरा. दोहोंची गल्लत झाली, कीं वाद माजतो.

मराठवाड्यांत जुन्या वस्तीचें टेकाड म्हणजे पांढर. तिची माती धाब्याच्या घरांवर घालण्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या उकरून नेली गेली, आणि तिच्यासंगें मणी, नाणीं, कोरीव तुकडे अंगणांत आले. असा तुकडा हातीं लागल्यास तो चिंच लावून घासूं नये, तेल-रंग चढवूं नये. कोणत्या शिवारांत, किती हात खोल, कशाच्या सोबत मिळाला, तें त्याच दिवशीं कागदावर उतरवावें, आणि वस्तु व कागद दोन्ही तहसील कचेरींत दाखवावीं. नांव काय द्यावयाचें तें मागाहून पाहतां येईल.