ओरेगनचा स्वयंचलित मतदार नोंदणी कायदा

ओरेगनचा स्वयंचलित मतदार नोंदणी कायदा हा अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०१५ मध्ये संमत केलेला कायदा आहे. तो ‘ओरेगन मोटर व्होटर’ या नावाने ओळखला जातो. शासनाकडे आधीच असलेल्या माहितीच्या आधारे पात्र नागरिकांची आपोआप मतदार नोंदणी करणारा हा अमेरिकेतील पहिला कायदा होय.

पार्श्वभूमी

अमेरिकेत मतदार याद्या राज्यांच्या अखत्यारीत असतात. नॉर्थ डकोटा वगळता सर्व राज्यांत मतदानासाठी नोंदणी आवश्यक असून ती करण्याची जबाबदारी परंपरेने नागरिकांवर होती. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्याने वाहन परवाना कार्यालयांत नोंदणीची सोय झाली. तरी त्यासाठी नागरिकाने स्वतः होकार देणे गरजेचे होते. ओरेगनच्या तत्कालीन सेक्रेटरी ऑफ स्टेट केट ब्राउन यांनी पुरस्कृत केलेले विधेयक २०१३ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये एका मताने नामंजूर झाले. गव्हर्नर झाल्यावर ब्राउन यांनीच १६ मार्च २०१५ रोजी नव्या विधेयकावर स्वाक्षरी केली. रिपब्लिकन सदस्यांनी माहितीच्या गोपनीयतेचा मुद्दा मांडून त्यास विरोध केला होता.

कार्यपद्धती

अंमलबजावणी जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. परवाना काढताना नागरिकत्वाचा पुरावा दिलेल्या व्यक्तींची माहिती मोटार वाहन विभाग निवडणूक विभागाकडे पाठवतो. त्यानंतर संबंधितास टपालाने कार्ड मिळते. नोंदणी नाकारण्यासाठी किंवा पक्ष निवडण्यासाठी २१ दिवसांची मुदत असते. उत्तर न आल्यास ‘कोणत्याही पक्षाशी संलग्न नसलेला’ मतदार अशी नोंद होते. ओरेगनमध्ये मतदान टपालाने होत असल्याने नोंदणीनंतर मतपत्रिका थेट घरी येते. मात्र पक्ष न निवडलेल्यांना प्रमुख पक्षांच्या प्राथमिक निवडणुकांत सहसा मत देता येत नाही.

इतर राज्ये

कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०१५ मध्ये असाच कायदा केला. अलास्काच्या मतदारांनी २०१६ मध्ये सार्वमताने ही पद्धत स्वीकारली. तेथे तेलउत्पन्नातून नागरिकांना मिळणाऱ्या वार्षिक लाभांशाच्या अर्जाशी नोंदणी जोडलेली आहे. न्यू जर्सीत गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्यांचे उत्तराधिकारी फिल मर्फी यांच्या स्वाक्षरीने २०१८ मध्ये कायदा झाला.

परिणाम व टीका

नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीत या पद्धतीने नोंदवलेल्या ९० हजारांहून अधिक व्यक्तींनी मतदान केले. नोंदणी झालेल्या अनेकांनी मात्र मतदान केले नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये, नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या १,२०० हून अधिक व्यक्तींची मोटार वाहन विभागाच्या चुकीमुळे नोंदणी झाल्याचे उघड झाले. गव्हर्नर टीना कोटेक यांनी स्वयंचलित नोंदणी तात्पुरती थांबवून तपासणीचे आदेश दिले. नोंदणीची जबाबदारी शासनाकडे गेल्याने कागदपत्रांच्या अचूक छाननीचे महत्त्व या प्रकरणातून अधोरेखित झाले.