सुलतानखान, मीर
सुलतानखान, मीर : (१९०३–२५ एप्रिल १९६६). ब्रिटिश अमदानीतील श्रेष्ठ भारतीय बुद्धिबळपटू. जन्म पंजाबातील खुशाब भागात (आता पाकिस्तानात). वयाच्या नवव्या वर्षी ते वडिलांकडून हिंदी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. या पद्धतीत प्याद्यास पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाता येई व किल्लेकोट नसे. त्यामुळे डाव संथपणे आकार घेई. त्यांचे कौशल्य हेरून सर उमर हयातखान तिवाना या धनाढ्य जमीनदारांनी त्यांना पदरी ठेवले आणि पाश्चात्त्य नियम शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये सुलतानखान अखिल भारतीय विजेते ठरले. १९२९ मध्ये तिवाना यांनी त्यांना लंडनला नेले. डावाच्या प्रारंभाचे पाश्चात्त्य शास्त्र त्यांना अपरिचित होते; विल्यम विंटर व फ्रेड येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्यांना मार्गदर्शन केले. त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले व १९३२ आणि १९३३ मध्ये ते पुन्हा जिंकले. हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत (१९३०-३१) त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका याचा पराभव केला.

१९३३ च्या अखेरीस आश्रयदात्याबरोबर ते भारतात परतले. १९३५ मध्ये त्यांनी व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्धच्या दहा डावांपैकी नऊ जिंकले व एक बरोबरीत सोडविला. मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ते पुन्हा उतरले नाहीत. ज्या आश्रयाने त्यांना जागतिक पटापर्यंत नेले, त्याच्याच मर्यादेत त्यांची कारकीर्द अवघ्या पाच वर्षांत संपली. सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला.