परिचर्या-संशोधन : नांदेड व लातूर

आजारी, जखमी, बाळंतीण, नवजात किंवा वृद्ध माणसाची शास्त्रशुद्ध शुश्रूषा म्हणजे परिचर्या. ही शुश्रूषा रुग्णाला कितपत उपयोगी पडते, तिची कोणती रीत चांगली आणि कोणती बदलावी, याचा नोंदी ठेवून, मोजून व पडताळून घेतलेला शोध म्हणजे परिचर्या-संशोधन. औषध कोणते द्यायचे हा वैद्यकाचा प्रश्न असतो. ते वेळेवर दिले गेले का, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दिवसातून किती वेळा बदलली, बाळाचे अंग गार पडत असल्याचे वेळीच लक्षात आले का, हे परिचर्येचे प्रश्न असतात. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत शुश्रूषेचे काम मोठे आहे, त्याची लेखी नोंद मात्र फार तोकडी आहे. या क्षेत्रात जपानने घेतलेला मार्ग तुलनेसाठी उद्‍बोधक ठरतो.

पार्श्वभूमी : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातील (१८५३–५६) सैनिकी रुग्णालयांत मृत्यूंची कारणे आकड्यांत मांडली आणि अस्वच्छतेने माणसे मरतात हे सरकारला पटवून दिले. परिचर्या-संशोधनाचा आरंभ तेथे मानला जातो. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने (१९०९) परिचारिका-प्रशिक्षणाला हात घातला आणि मध्यमवर्गीय घरांतील, विशेषतः विधवा स्त्रियांना या पेशाची वाट मोकळी झाली.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मुंबई–पुण्याकडील या घडामोडी येथे उशिरा पोहोचल्या. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले आणि अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये. नांदेडचा अत्यवस्थ रुग्ण हैदराबादला आणि लातूरचा सोलापूरला हलवण्याची जुनी सवय अजून पुरती मोडलेली नाही. लातूर हा स्वतंत्र जिल्हा उस्मानाबादपासून (आताचे धाराशिव) १९८२ मध्ये वेगळा झाला.

संस्था : नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये स्थापन झाले. त्याचे रुग्णालय आता शहराजवळ विष्णुपुरी येथे आहे. किनवट, माहूर, हदगावपासून देगलूर, बिलोलीपर्यंतचे आणि तेलंगणाच्या सीमेवरचेही रुग्ण तेथे येतात. लातूरला १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. या कार्यासाठी डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ चे असून आता ते विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. परिचर्येचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (१९९८) कक्षेत येते. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते.

मनुष्यबळ व पदे : खेड्यातील उपकेंद्रात आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रात व रुग्णालयात अधिपरिचारिका, त्यांच्यावर वॉर्ड सांभाळणारी परिसेविका आणि सर्वांच्या वर अधिसेविका, अशी शासकीय उतरंड आहे. रुग्णांच्या तोंडी मात्र सगळ्याच ‘सिस्टर’ असतात, पुरुष परिचारक ‘ब्रदर’ आणि कक्षसेवक ‘मामा’ व ‘मावशी’. गावपातळीवर २००५ पासून आशा कार्यकर्ती आहे. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ती बाळ-बाळंतिणीला ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन पाहते, घरी झाली असेल तर सात वेळा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या शिफारशीनुसार शिक्षणसंलग्न रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के जादा पदे असावीत, असेही परिषद सांगते. रिक्त पदे, कंत्राटी नेमणुका आणि मंजूर खाटांहून अधिक रुग्ण यांमुळे मोठ्या शासकीय रुग्णालयांत हे प्रमाण क्वचितच साधते. रात्रपाळीत एकाच सिस्टरकडे पूर्ण वॉर्ड असणे ही मराठवाड्यात नवलाची गोष्ट नाही. या प्रमाणाचा जिवाशी थेट संबंध आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांवर लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे आढळले.

किल्लारीचा भूकंप : अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकड्यांनुसार लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत ७,९२८ माणसे मरण पावली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. चिरडलेले हातपाय, मोडलेले कणे, मातीने भरलेल्या जखमा आणि घरातील सर्व माणसे गमावलेली मुले, असे रुग्ण एकाच दिवसात लातूर, उमरगा व सोलापूरच्या दवाखान्यांत दाखल झाले.

या आपत्तीवर भूगर्भशास्त्रज्ञांनी, स्थापत्य अभियंत्यांनी आणि पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले. वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने केला. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. मात्र त्या आठवड्यांत जखमा कोणी व कशा बांधल्या, जागा संपल्यावर रुग्णांची वर्गवारी कशी केली, कणा मोडलेल्यांना बेडसोर होऊ नयेत म्हणून काय केले आणि स्वतःची माणसे गमावलेल्या परिचारिकांनी पाळ्या कशा केल्या, याचे परिचर्येच्या अंगाने शास्त्र उभे राहिले नाही.

जपानचा मार्ग : किल्लारीनंतर साडेपंधरा महिन्यांनी, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानच्या कोबे शहराला पहाटेच भूकंपाने गाठले. त्यात ६,४३४ माणसे गेली. तेथील परिचारिकांनी आपापले अनुभव लिहून काढले, एकमेकींशी ताडून पाहिले आणि १९९८ मध्ये आपत्ती-परिचर्येसाठी स्वतंत्र विद्वत्सभा स्थापन केली. ह्योगो प्रांताच्या विद्यापीठात यासाठी संशोधनसंस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये जपानी परिचारिकांच्या पुढाकाराने आपत्ती-परिचर्येची जागतिक संघटना निघाली. छावणीतील वृद्धांना किती पाणी पाजावे, उताणे पडून राहिलेल्यांच्या पायांत रक्त गोठू नये म्हणून काय करावे, असे साधे वाटणारे प्रश्न त्यातून अभ्यासक्रमात आले.

जपानमध्ये या कामाला जुना पाया होता. तेथील पहिली परिचारिका-शाळा ताकाकी कानेहिरो यांनी १८८५ मध्ये टोकियोत काढली. परिचारिका व सुईणींचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि परिचर्याशास्त्राची विद्वत्सभा १९८१ मध्ये. वॉर्डातील परिचारिकांनीच आपल्या रुग्णांवर छोटे अभ्यास करून ते रुग्णालयाच्या सभेत मांडावेत, ही तेथील रूढी आहे. रुग्णाला स्वतः कूस बदलता येते का, पलंगावरून खुर्चीत बसता येते का, तोंड धुता, जेवता व कपडे घालता येतात का, याचे गुण तीव्र आजाराच्या वॉर्डांत रोज नोंदवले जातात. त्यांवरून रुग्णाला किती परिचर्या लागते हे ठरते आणि रुग्णालयाच्या विमा-मोबदल्याशीही त्याचा संबंध असतो. सात रुग्णांमागे सरासरी एक परिचारिका प्रत्यक्ष कामावर असेल तर जादा मोबदला, अशी तरतूद २००६ मध्ये झाली. हा आकडा कामावर हजर असलेल्यांची दिवसरात्रीची सरासरी सांगतो, म्हणून भारतीय प्रमाणाशी त्याची थेट तुलना करता येत नाही.

नातेवाईकांचा वाटा : रुग्णाजवळ पैसे देऊन खासगी सोबतीण ठेवण्याची पद्धत जपानमध्येही होती. तिचा भार कुटुंबांवर पडतो हे ओळखून १९९४ च्या सुधारणेने ती बंद करत आणली आणि ते काम रुग्णालयाच्या परिचर्येत घेतले. नांदेड–लातूरच्या वॉर्डात आजही भरवणे, पुसणे, शौचाला नेणे, सलाईन संपत आल्याचे सांगणे, रात्रभर जागणे ही कामे नातेवाईक करतात, बहुधा आई, सून किंवा बहीण. ही या भागाची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी मोजलेली परिचर्या आहे. बुडालेली मजुरी, फरशीवरची झोप आणि हातांच्या स्वच्छतेविषयी कोणीही न दिलेली शिकवण, या तिन्ही गोष्टी अभ्यासाचा विषय आहेत.

स्थानिक प्रश्न : (१) नवजात अर्भके. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. अशा कक्षात एका परिचारिकेकडे किती बाळे असतात, दूरच्या गावाहून येताना बाळ किती गार पडलेले असते, आईच्या छातीशी बाळ ठेवण्याची कांगारू पद्धत किती तास पाळली जाते, याची सलग मोजणी प्राण वाचवू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात-सेवा देऊन मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये दाखवून दिले. आशांच्या आजच्या घरभेटींमागे हाच अभ्यास आहे. (२) पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. हात धुणे हा जंतुसंसर्ग रोखण्याचा पहिला नियम असल्याने, टंचाईत तो कसा पाळायचा हा येथील परिचारिकांचा खास प्रश्न ठरतो. (३) भाषा. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू, गोरमाटी व गोंडी बोलणारे रुग्ण एकाच वॉर्डात असतात. वेदना किती आणि कोठे, हे समजून घेण्यातच परिचर्येची निम्मी परीक्षा असते. (४) शेतीतील अपघात. सर्पदंश, फवारणीची विषबाधा आणि उष्माघात यांत पहिला तास बहुधा उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या हाती असतो.

शिक्षण व प्रबंध : बी.एस्सी. परिचर्येच्या विद्यार्थ्यांना संशोधन-प्रकल्प करावा लागतो, एम.एस्सी. करणाऱ्यांना प्रबंध लिहावा लागतो. त्यांतील बरेच अभ्यास एकाच साच्याचे असतात. एखाद्या विषयाचे ज्ञान प्रश्नावलीने तपासायचे, शिकवायचे आणि पुन्हा तपासायचे. गुण वाढल्याचे दिसते, पण रुग्णाचा ताप, जखम किंवा मुक्काम कमी झाला का, हे कळत नाही. प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात, म्हणून वॉर्डातील सिस्टरपर्यंत ते पोहोचत नाहीत. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यभरची मुले लातूर शहरात आणली. परिचर्येला मात्र तशी प्रतिष्ठा अजून लाभलेली नाही.

मूल्यमापन : पाळी बदलताना ‘ओव्हर’ देणारी सिस्टर एका रुग्णाविषयी दोन मिनिटांत जे सांगते, ते संशोधनाचे कच्चे द्रव्यच असते. तापाचा तक्ता, पोटात गेलेल्या व बाहेर पडलेल्या पाण्याची नोंद, बेडसोरचे दैनिक टिपण ही साधने प्रत्येक रुग्णालयात आहेत. ती काळजीपूर्वक भरली, महिन्याकाठी एकत्र वाचली आणि निष्कर्ष मराठीत लिहिले, तर मोठ्या निधीवाचूनही काम सुरू होऊ शकते. त्यासाठी पाळीत तेवढा वेळ हवा, म्हणजेच भरलेली पदे हवीत. शुश्रूषेची माया नांदेड–लातूरमध्ये कधीच कमी नव्हती, उणीव लेखणीची आहे. किल्लारीच्या वेळी पंचविशीत असलेल्या शासकीय परिचारिका २०२६ च्या आसपास ५८ वर्षांच्या होऊन सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्याकडून त्या दिवसांची हकीकत लिहून घेणे, हे या भागातील परिचर्या-संशोधनाचे सर्वांत निकडीचे काम आहे.