पीडितेचं नाव का सांगायचं नाही? एका कलमाचा इतिहास

बलात्काराची बातमी आली की काही तासांत आपल्या व्हॉट्सॲपवर त्या मुलीचा फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, ‘न्याय मिळेपर्यंत पुढे पाठवत राहा.’ पाठवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. तरीही तो फोटो पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. आणि डॉक्टर म्हणून मी सांगेन की ती त्या मुलीला होणारी दुसरी इजा आहे. असा कायदा का करावा लागला, हे समजून घेण्यासाठी विदर्भातल्या एका खटल्यापर्यंत मागे जावं लागेल.

देसाईगंज, १९७२

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज (वडसा) पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन पोलीस होते. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज तो गडचिरोलीत आहे. डॉक्टरी तपासणीत तिचं वय १४ ते १६ च्या दरम्यान ठरलं.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांनाही सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, असा तर्क त्या निकालात होता. ‘दोन बोटांच्या’ तपासणीवरून तिला शरीरसंबंधांची सवय होती, अशीही चर्चा भर कोर्टात झाली.

वैद्यकशास्त्र काय सांगतं? जखम नसणं म्हणजे संमती नव्हे. तीव्र भीतीत माणसाचं शरीर अक्षरशः गोठतं, आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. आणि दोन बोटांच्या तपासणीला शास्त्रीय आधार नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये ती बंद करायला सांगितली. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्या रेट्यातून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद आली. भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आलं. पीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड!

यातली एक गोष्ट मनाला लागते. कागदोपत्री हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा, म्हणजे आरोपीच्या नावाने आहे. पण तो ओळखला जातो त्या मुलीच्या नावाने. वर्तमानपत्रांत, भाषणांत, कायद्याच्या पुस्तकांत, सगळीकडे. तिच्यामुळे आलेलं संरक्षण तिला स्वतःला कधी मिळालंच नाही. म्हणून मीही इथे ते नाव लिहिलेलं नाही.

ओळख उघड झाली की काय होतं?

देसाईगंजचा खटला सुरू होता त्याच सुमारास अमेरिकेत डॉक्टर आणि नर्स यांना वेगळाच प्रश्न पडला होता: अत्याचारानंतर या स्त्रियांचं पुढे काय होतं? बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांशी ॲन बर्जेस या नर्स आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ सविस्तर बोलल्या. ९२ प्रौढ स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला झोप उडते, भूक मरते, अंग दुखतं. नंतर अनेक महिने वाईट स्वप्नं पडतात, गर्दीची किंवा एकटेपणाची भीती वाटते. अनेकींनी घर बदललं होतं, फोन नंबर बदलला होता.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबा. अत्याचारात माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा हिरावला जातो. बरं होणं म्हणजे तो ताबा हळूहळू परत मिळवणं. कुठे राहायचं, कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे तिने ठरवणं हा त्या उपचाराचाच भाग आहे. नाव किंवा फोटो पसरला की हा निर्णय पुन्हा दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो. मग मुली शाळा सोडतात, कुटुंबं गाव सोडतात, आणि ते पाहून दुसऱ्या कुणी तक्रार करायला, अगदी दवाखान्यात यायलाही धजावत नाहीत. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करायची असतात. भीतीपोटी तो वेळ निघून जातो.

लाजेसाठी नव्हे

काही वाचक विचारतात, ‘तिने काय चूक केलीय? मग नाव का लपवायचं?’ अगदी बरोबर, तिची काहीच चूक नाही. म्हणूनच कायदा तिला गप्प बसवत नाही. सज्ञान स्त्री स्वतः लेखी संमती देऊन नाव उघड करू शकते. कायदा इतरांना अडवतो.

११ डिसेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फक्त नाव गाळून भागत नाही. जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही माहिती देता येत नाही, पीडितेचा मृत्यू झाला असला तरीही. गाव, शाळा, वडिलांचं नाव, घराचा फोटो, हे सगळं त्यात येतं. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पॉक्सो कायदाही आहे.

तुम्ही काय करू शकता?

• फोटो, व्हिडिओ, नाव आलं तर पुढे पाठवू नका. ग्रुपमध्ये आलं असेल तर ते काढायला सांगा.
• ओळखीत कुणावर असा प्रसंग आला तर ‘कोण गं ती?’ ही चौकशी करू नका, करू देऊ नका.
• पीडितेला आधी दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्राथमिक उपचार देणं बंधनकारक आहे.
• मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या वेळी ११२.

बातमीत नाव वाचायचंच असेल, तर ते आरोपीचं वाचा. तिचं नाव तिच्याकडेच राहू द्या.