चावी आपल्याकडे, कुलूप सर्वांसमोर : मुक्त एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर आणि चळवळीची कागदपत्रे

काळेवाडीतून रोज पहाटे चाकण आणि भोसरीच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या कंत्राटी कामगारांत आपले अनेक तरुण असतात. त्यातले काही पाळी संपवून संध्याकाळी विहारात येतात आणि चळवळीचे काम करतात. त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये काय असते? ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीची प्रत, साक्षीदारांचे मोबाइल नंबर, जातीचे दाखले, आधारकार्डांचे फोटो, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा सध्याचा पत्ता, युनियन करू पाहणाऱ्या कामगारांची यादी. गेल्या वर्षी असाच एक पेनड्राइव्ह आमच्यातल्या एकाकडून बसमध्ये राहिला. तो परत मिळाला नाही. त्याला कसलेही कुलूप नव्हते. नंतर कितीतरी दिवस आम्ही त्या यादीतल्या माणसांना एकेक करून फोन करून सांगत होतो, की तुमचा नंबर कोणाच्या तरी हाती गेला असेल, सांभाळून राहा.

या फजितीनंतर आम्ही एन्क्रिप्शनचा विषय नीट समजून घेतला. जे समजले ते इथे मांडत आहोत.

एन्क्रिप्शन म्हणजे फाइलमधील मजकूर गणिती प्रक्रियेने असा बदलून टाकणे, की योग्य चावी असल्याशिवाय तो नुसता निरर्थक आकड्यांचा ढीग दिसेल. विंडोजला लॉगिनचा पासवर्ड ठेवला म्हणजे हे झाले असे अनेकांना वाटते. तसे नाही. लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की लॉगिनचा पासवर्ड तसाच राहतो आणि एन्क्रिप्ट न केलेल्या फाइली उघडतात.

आता प्रश्न येतो कोणते कुलूप घ्यायचे. इथे एक गोष्ट उलटी वाटते. ज्या कुलपाची रचना गुप्त, ते अधिक मजबूत, असा सर्वसाधारण समज आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच नेमके याच्या विरुद्ध सांगितले होते : यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त चावी. आज जगभर वापरली जाणारी एईएस ही पद्धत अशीच आली. अमेरिकेच्या मानक संस्थेने खुली स्पर्धा ठेवली, जगभरच्या तज्ज्ञांनी एकमेकांच्या पद्धती फोडण्याचा प्रयत्न केला आणि टिकली ती योआन डामेन व व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांची रचना २००१ मध्ये मानक ठरली. आपल्याला हा विचार परका नाही. बुद्धाचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, या आणि पाहा, असे सांगणारा आहे. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, तपासा, हीच शिकवण. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ एवढेच म्हणणाऱ्या कंपनीपेक्षा ‘हा आमचा कोड, तपासा’ म्हणणारे सॉफ्टवेअर आम्हाला म्हणूनच जवळचे वाटते.

पण खुले आहे म्हणजे कोणीतरी तपासलेलेच आहे, असेही नव्हे. ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी २०१४ मध्ये उघड झाली, तोवर ती सुमारे दोन वर्षे तशीच पडून होती आणि निम्मे इंटरनेट त्यावर चालत होते. याउलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा एका अभियंत्याला सापडला, कारण त्याच्या संगणकावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि तो का लागतो हे त्याला खोलात जाऊन पाहता आले. खुलेपणाने तपासण्याची सोय मिळते. तपासणारा लागतोच.

ट्रूक्रिप्ट ते व्हेराक्रिप्ट

हे सर्वात चांगले समजते ते ट्रूक्रिप्टच्या गोष्टीतून. २००४ मध्ये आलेले हे मोफत सॉफ्टवेअर दहा वर्षे जगभरचे पत्रकार आणि कार्यकर्ते वापरत होते. बनवणारे अज्ञात होते. परवाना पूर्ण अर्थाने मुक्त नव्हता, पण कोड पाहता येत होता. २८ मे २०१४ रोजी त्यांच्या संकेतस्थळावर अचानक सूचना लागली, की हे सॉफ्टवेअर आता सुरक्षित मानू नका, यात दुरुस्त न झालेल्या त्रुटी असू शकतात. काम बंद. सॉफ्टवेअर बंदिस्त असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

कोड लोकांसमोर होता म्हणून पुढचे घडले. लोकवर्गणीतून त्याची तपासणी आधीच सुरू झाली होती. ती एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण झाली आणि मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला नाही. त्याच वर्षी गूगलच्या एका संशोधकाला विंडोजवरील ट्रूक्रिप्टमध्ये दोन गंभीर त्रुटी सापडल्या. तोवर याच कोडवरून मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्ये व्हेराक्रिप्ट सुरू केले होते. त्यात त्या दोन्ही लगेच दुरुस्त झाल्या. २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीने व्हेराक्रिप्टची स्वतंत्र तपासणी केली, आठ गंभीर त्रुटी काढल्या आणि त्यातल्या बहुतेक १.१९ या आवृत्तीत दुरुस्त झाल्या. तपासणीचा अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्या चुका अशा चव्हाट्यावर मांडणारी बंदिस्त कंपनी क्वचितच सापडेल.

सुधारणांपैकी एक आपण समजून घ्यायलाच हवी. चोर पासवर्ड फोडतो तो अंदाज करून, संगणकाकडून सेकंदाला असंख्य पासवर्ड लावून पाहत. म्हणून असे सॉफ्टवेअर प्रत्येक पासवर्डवर एकच गणित पुन्हा पुन्हा करून मग चावी तयार करते. ट्रूक्रिप्टमध्ये ही आवर्तने जास्तीत जास्त २,००० होती. व्हेराक्रिप्टने नेहमीच्या कंटेनरसाठी ती ५,००,००० वर नेली. आपल्याला उघडताना काही सेकंद थांबावे लागते, पण चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढेच थांबावे लागते. पुढे १.२४ मध्ये, चालू संगणकाच्या मेमरीतल्या चाव्याही एन्क्रिप्ट ठेवण्याची सोय विंडोजसाठी आली. १.२६ मध्ये जुन्या, कमजोर ठरलेल्या पद्धती काढून टाकल्या आणि ट्रूक्रिप्टच्या फाइली उघडणेही बंद झाले. कोणाकडे तशा जुन्या फाइली पडून असतील तर त्या १.२५.९ मध्ये उघडून नव्या कंटेनरमध्ये हलवाव्यात.

वापर अवघड नाही. व्हेराक्रिप्ट विंडोज, मॅक आणि लिनक्सवर मोफत चालते. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकरच्या सगळ्या सोयी मिळत नाहीत, आणि जिथे आपोआप एन्क्रिप्शन चालू होते तिथे परतीची चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. इथे चावी फक्त आपल्याकडे राहते. नवा पेनड्राइव्ह घेऊन तो सुरुवातीलाच पूर्ण एन्क्रिप्ट करावा हे उत्तम. जुन्या पेनड्राइव्हवर कंटेनर बनवून त्यात फाइली हलवल्या, तर पुसलेल्या मूळ फाइली परत काढता येऊ शकतात. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर हा पेनड्राइव्ह कधीही उघडू नये. ज्याची प्रिंट हवी ती एकच फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर न्यावी. गुप्त कंटेनराच्या आत आणखी एक गुप्त कंटेनर बनवण्याची सोय आहे, तिच्या नादी नवख्यांनी लागू नये. डेटा गमावण्याची शक्यताच जास्त.

आणि पासवर्ड. आपल्या लोकांचे पासवर्ड आम्हाला न विचारताच माहीत आहेत : जयभीम, १४०४१८९१, ०६१२१९५६, नाहीतर गाडीचा नंबर. जे आम्हाला माहीत, ते आपल्यावर नजर ठेवणाऱ्यालाही माहीत. एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात मराठी शब्द रोमन अक्षरांत ओळीने लिहावेत. वीसपेक्षा जास्त अक्षरे होतात आणि लक्षातही राहतात.

कुलूप उघडे असताना

यापुढचे जास्त महत्त्वाचे. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला अभिवादन करायला गेलेल्या समाजबांधवांवर हल्ले झाले. त्याच्या आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेसंदर्भात पुणे पोलिसांनी एप्रिलमध्ये छापे घातले, संगणक जप्त केले आणि ६ जूनपासून अटका सुरू झाल्या. मुख्य पुरावा होता या संगणकांमधील पत्रांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील ॲर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने बचाव पक्षाच्या वतीने रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी करून अहवाल दिला. त्यांच्या म्हणण्यानुसार १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधील दस्तऐवज उघडताच नेटवायर नावाचे हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले, बावीस महिने राहिले आणि त्यातूनच ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. ती पत्रे त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण सापडली नाही. सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही पुढे असाच अहवाल आला. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत आणि त्यांचा निवाडा खटल्यातच व्हायचा आहे.

व्हेराक्रिप्ट असते तर हे टळले असते का? नाही. कंटेनर उघडून आपण काम करत असतो तेव्हा आपल्याला जे दिसते ते शिरलेल्या हेरालाही दिसते आणि त्यात फाइल ठेवताही येते. एन्क्रिप्शन हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, बंद यंत्राचे रक्षण करते. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने सांगितले, की पेगासस वापरून सुमारे १,४०० जणांच्या फोनना लक्ष्य केले गेले. त्यात आनंद तेलतुंबडे यांच्यासह भारतातील कार्यकर्ते होते. व्हॉट्सॲपचे संदेश तेव्हाही एन्क्रिप्टच होते. म्हणून ओळखीच्या नावाने आलेली फाइल असली तरी आधी फोन करून विचारावे, अपडेट आले की त्याच दिवशी घ्यावे आणि ‘क्रॅक’ केलेले विंडोज वापरू नये. हे शेवटचे सांगताना आम्हाला संकोच वाटतो, कारण आपल्या वस्तीतल्या बहुतेक संगणकांवर तेच असते. पैसे नसतील तर लिनक्स टाकावे. तेही मुक्तच आहे.

संदेशांसाठी सिग्नल. व्हॉट्सॲपनेही २०१६ पासून सिग्नलचीच पद्धत घेतली आहे, पण त्याचा बाकी कोड बंद आहे, आणि गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू केल्याशिवाय त्या प्रकारे एन्क्रिप्ट होत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये न्यायालयीन आदेश आला तेव्हा सिग्नलकडे देण्यासारखे दोनच तपशील होते : खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे फोन नंबर लपवून युजरनेमने बोलता येते. महिला कार्यकर्त्यांना हे विशेष उपयोगी पडते.

कायदा काय म्हणतो

एन्क्रिप्शन वापरणे हा भारतात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली अधिकृत आदेश निघाल्यास माहिती उलगडून देण्यात मदत न केल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे असा आदेश हाती आला की आधी वकील. २०२३ मध्ये केंद्राने चौदा मेसेजिंग ॲपवर बंदी घातली. त्यात ब्रायर आणि एलिमेंट ही दोन मुक्त सॉफ्टवेअरही होती.

यंत्र जप्त होत असेल तर पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू नोंदवण्याचा आग्रह धरावा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा : आत एक अक्षर बदलले तरी तो पूर्ण बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्यासाठी जागाच दिली आहे. अत्याचाराचा व्हिडिओ आपल्या हाती आला तर मूळ फाइलचा एसएचए-२५६ त्याच दिवशी काढून लिहून ठेवावा. सेव्हन-झिप या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फाइलवर उजवी क्लिक केली की तो मिळतो.

आणखी एक. व्हेराक्रिप्टमध्ये ‘पासवर्ड विसरलात?’ असे बटण नाही. विसरलात, किंवा ज्याला तो ठाऊक होता त्याचा अपघात झाला, त्याला अटक झाली, तर फिर्यादीची कागदपत्रे आपल्यालाही कायमची गेली. आम्ही आता प्रत्येक पेनड्राइव्हच्या हेडरचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवतो आणि पासवर्ड कागदावर लिहून, बंद पाकिटात, ते प्रकरण पाहणाऱ्या वकिलांकडे देतो. पाकिटावर फक्त तारीख असते.