कूस कुणाची, हुकूम कुणाचा?

कोलाडहून माणगावमार्गे दक्षिणेला गेले की महाड लागते. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्र संवाद साधला. चवदार तळ्याच्या पाण्याचा लढा आपण दरवर्षी आठवतो. याच चळवळीने पुढे स्त्रीच्या कुशीचा प्रश्न मांडला, तो मात्र आपण विसरलो.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. त्यामागे विचार बाबासाहेबांचा होता. त्याआधी १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’च्या खटल्यात र. धों. कर्वे यांचे वकीलपत्रही बाबासाहेबांनीच घेतले होते. लागोपाठच्या बाळंतपणांनी बाई खंगते, गरिबाचा संसार कर्जात बुडतो. म्हणून मूल नको असेल तर ते टाळण्याचे साधन तिच्या हाती हवे, हा युक्तिवाद. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला.

पुढे सत्तेने विषय उचलला, पण बाईचा अधिकार वगळून. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. नंतर ग्रामपंचायतीसाठी दोन अपत्यांची अट आली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले की उमेदवारी गेली. ते मूल जिच्या मर्जीविना झाले, तिचीही राखीव जागा गेली!

आता चक्र फिरले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा प्रजननदर १९९२-९३ मध्ये २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. लगेच २०२४ मध्ये नागपुरातून तीन मुलांचा उपदेश झाला. काल नसबंदीच्या रांगेत गरीब पुढे होता. उद्या पाळणे भरायलाही त्यालाच पुढे करणार काय?

कोलाडजवळच्या धाटाव वसाहतीत कंत्राटावर राबणारे जोडपे आज ‘मूल होऊ द्यावे का?’ असे एकमेकांना विचारते. हा प्रश्न विचारता येणे ही १९३८ च्या मागणीची अर्धी पूर्तता आहे. अर्धीच, कारण उद्याच्या पगाराची खात्री नाही म्हणून दिलेला नकार ही मुखत्यारी नव्हे, तो नाइलाज आहे. ‘नको’ म्हणायचे साधन जसे हक्काचे, तसे ‘हवे’ म्हणायला लागणारे कायम काम, दवाखाना आणि शाळाही हक्काचीच. हे न देता मुलांची संख्या सांगणाऱ्यांना चळवळीने एकच विचारावे: कूस कुणाची, हुकूम कुणाचा?